येमाईच्या दारात उतरलेली साखर

दिवस गेले की बाईनं देवाचं नाव घेत शांत बसावं म्हणतात. मला ते काही जमलं नाही. सातव्या महिन्यात शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त घेतलं, साखर वाढलीय म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाची नुसती घालमेल सुरू झाली. जेवले की वाटायचं, बाळाला बाधलं. नाही जेवले की वाटायचं, बाळ उपाशी राहिलं. बाईंनी समजावलं होतं, साखर फार वाढली की शरीरात आतल्या आत गंज चढल्यासारखं होतं आणि त्याची झळ वारेपर्यंत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या जागेपर्यंत पोचू शकते. म्हणून रक्त तपासून त्याच्या खुणा बघत राहायच्या. गंज म्हटल्यावर संपलंच की! पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं. का गेलं, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. आता जो तो मला म्हणायचा, काळजी करू नकोस. असा राग यायचा म्हणून सांगू!

साखर उतरवायला रोज इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्या. सुई घेतली की लगेच खायचं, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. पण त्याआधीच सासूबाई येमाईला बोलून बसल्या होत्या, की सून घटाचे नऊही दिवस उपास धरील आणि कवठ्याला देवळात येऊन ओटी भरील. मीही हात जोडून हो म्हटलं होतं. तसल्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतं.

घट बसले. पहिले काही दिवस साबुदाणा, रताळी, वरईचा भात चालला होता. बोटाला टोचून बघावं तर साखर नुसती चढलेली. मी रडकुंडीला आले. शेवटी दोघींनी मिळून तोडगा काढला. सासूबाई म्हणाल्या, "उपासाचं खाऊनच वाढतीया, तर ते बी नगं. सुई तेवढी घे. देवाचं देवाला, डाक्टरचं डाक्टरला." मला ते इतकं पटलं, की ओटी भरायच्या दिवशी सकाळी मी सुई घेतली, वर बिनसाखरेचा चहा घेतला आणि दिरांच्या गाडीत बसून आम्ही कवठ्याला निघालो.

बायकांच्या रांगेत उभं राहून बराच वेळ झाला असेल. संबळ वाजत होता. अचानक हात थरथरायला लागले, घामानं पोलकं चिंब झालं, समोरचा कळस दोन-दोन दिसायला लागला. मी खाली बसले आणि घुमल्यासारखी हलायला लागले. रांगेत एकच गलका उठला. "आई आली! हिच्या अंगात आई आली!" कुणी मळवट भरला, कुणी पायावर डोकं ठेवलं. मला सगळं दिसत होतं, पण जीभ वळत नव्हती. सासूबाई पदर पसरून समोर बसल्या. "बोल आई, काय पाहिजे तुला? माझ्या सुनंचं लेकरू राखशील ना?"

मी कशीबशी म्हणाले, "भूक... भूक लागलीय."

"आई नैवेद्य मागतीया!" सासूबाई ओरडल्या आणि पुजाऱ्यांना शोधायला उठल्या.

तेवढ्यात मागून एक बाई कोपरानं वाट काढत आली. उंच, काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कुठली, कोण, काही ठाऊक नाही. तिनं माझ्या मानेला हात लावला. "गारठलीय की ही! सुया चालू हायत का हिला?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या.

"आन् खाल्लं काय?"

"उपास हाय."

"आगं बया! साखर उतरलीय पोरीची. माझ्या आईची बी अशीच उतरायची." तिनं आपल्या ओटीच्या ताटातला पेढा उचलला आणि माझ्या तोंडात कोंबला. मागून कुणीतरी किंचाळलं, "आवं, आईला अजून दावला न्हाई!"

"आईच खातीया की!" ती म्हणाली आणि दुसरा पेढा भरवला, वर पाणी पाजलं.

हळूहळू नजर ठरली. थरथर थांबली. आणि मग पोटात बाळानं अशी सणसणीत लाथ मारली, की मी दोन्ही हातांनी पोट धरून भर रांगेत हुंदके देऊन रडले. दिरांनी गाडी दारापर्यंत आणली. त्या गडबडीत ती बाई कुठं गेली, कुणीच पाहिलं नाही. शिरूरला डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, ते घोड्यासारखे दौडत होते. मग आम्हा दोघींची अशी हजेरी घेतली, की विचारू नका.

पुढं मुलगी झाली. सुखरूप. त्या दिवसानंतर मी वेळेवर सुई घेतली, ठरलेली भाकरी खाल्ली, आणि बाकीची चिंता आईच्या पायाशी ठेवली. ती रोज उचलून परत घरी आणायचे, रोज पुन्हा ठेवायचे. अशीच सवय लागली. ती बाई कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तिचे पाय धरायचे राहिले, एवढीच रुखरुख आहे.

यंदा घटात लेकीला घेऊन कवठ्याला गेलो. निघताना मी पोटभर जेवले. रांगेतल्या एका आजीनं विचारलं, "का गं, उपास न्हाई धरला?" मी काही बोलायच्या आत सासूबाईच पुढं झाल्या.

"न्हाई धरायचा तिनं. गेल्या साली आई तिच्या अंगात आली व्हती. मी इचारलं, काय पाहिजे? तर आई म्हणली, भूक लागलीय."