किती जना?

आधीच सांगून टाकते, माझ्या घरात लिंबू-मिरची फक्त पोह्यांसाठी येते. दारावर काही टांगलेलं नाही, गाडीत काही लटकत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "अमावास्येला नवीन वस्तू घेऊ नका" असं टाकलं की त्याला उलट उत्तर देणारी बाई ती मीच. त्यामुळे हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय. पण गेलं वर्षभर ही गोष्ट डोक्यातून जात नाही... म्हटलं, एकदा लिहून मोकळं व्हावं.

आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहतो. मी, नवरा अमित, आणि गेल्या वर्षापासून माझी आई. माझं माहेर आगाशीचं, केळी-नारळाची वाडी. माझे वडील, म्हणजे पप्पा, गेल्या वर्षी वैशाखात गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आई रडली नाही. तेराव्यापर्यंत सगळं नीट पार पाडलं, आल्यागेल्याला चहा दिला, आणि मग हळूहळू तिनं बोलणंच बंद केलं. भांडून नाही, रुसून नाही. "आई, जेवतेस?" विचारलं की मान हलायची. ताटातला भात इकडचा तिकडे व्हायचा, पोटात जायचा नाही.

मी तिला चंदनसारला घेऊन आले, तर खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम बघत राहायची. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदू ठीक, घसा ठीक, रक्त थोडं कमी. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शरीराला काही झालेलं नाही. त्यांना आता थांबायचंच नाहीये, असं दिसतंय. जरा बाहेर फिरवून आणा." पावसाळ्यात ती आणखी वाळली. ब्लाउजच्या बाह्या सैल होऊन कोपरापर्यंत येत होत्या. मी घाबरले होते, अगदी खरं सांगते. आई समोर बसलेली आहे आणि तरी निघून चाललीय... ज्यांनी हे घरात बघितलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

तर घटस्थापनेच्या आधीचा रविवार. (हो, पितृपक्ष. माझ्या तेव्हा ध्यानीमनी नव्हतं, नंतर लोकांनीच आठवण करून दिली.) ऊन कोवळं, आभाळ धुतल्यासारखं. अमित म्हणाला, चला, आईंना नदी दाखवून आणू. शिरसाडला हायवे ओलांडला आणि पारोळच्या रस्त्याला लागलो. काचा खाली, गाणी बंद, कसलीच घाई नाही. एका बाजूला तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर, दुसऱ्या बाजूला निसवलेलं भात. लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधाबांधावर कुर्डू फुलला होता. तानसेचं पाणी गढूळपणा टाकून निवळलं होतं. पुलावर आम्ही बराच वेळ गाडी थांबवली. रस्त्याकडेला एक बाई काकड्या घेऊन बसली होती, अमितनं पिशवीभर घेतल्या. "आई, बघा किती कोवळ्या आहेत." आईनं पिशवीकडे बघितलं आणि परत मांडीवरच्या हातांकडे बघायला लागली.

तेव्हा मला सुचलं, हिला हिच्या गावाला नेऊ.

आईचं माहेर वैतरणेच्या काठचं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच ताप नको. शेतीवाल्या खाडीकाठच्या घरातली मुलगी आगाशीच्या वाडीवाल्यांकडे नांदायला आली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. सासरी तिच्या 'पानी'ला हसले. ती पक्की मानी! तेव्हापासून तिनं 'पाणी' म्हणायला सुरुवात केली ती कायमची. आम्ही भावंडांनी तिच्या तोंडून माहेरची बोली कधी ऐकलीच नाही. आजी-आजोबा जाऊन जमाना झाला, मामांनी घर विकलं, तिकडे जाण्याचं कारणच उरलं नव्हतं.

खानिवड्यावरून पुढे जाऊन आम्ही आत वळलो. डांबर संपलं, मग बांधावरचा कच्चा रस्ता, आणि एकदम समोर वैतरणा. इथे ती चांगलीच रुंद आहे. भरती लागलेली होती, पाणी चढत होतं. पलीकडच्या काठाला नुसती तिवरांची हिरवी भिंत. दगडी पायऱ्यांचे चार तुकडे चिखलातून वर डोकावत होते. मी गाडीचं मागचं दार उघडलं. आई उतरली नाही, पाय बाहेर सोडून सीटवर तशीच बसली. पण बघत होती... पहिल्यांदाच कुठेतरी बघत होती.

मी अमितला सांगायला लागले. माझा नवरा घाटावरचा, सांगलीचा. त्याला भरती म्हटलं की पोलीसभरती आठवते. त्याला म्हटलं, इथे पूर्वी 'तर' होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. आईचे वडील ती चालवायचे. त्यांच्या दोन होड्या होत्या, एक लहान, एक मोठी. ते पलीकडे असले की तिकडूनच ओरडून विचारायचे, किती जणं आहेत? आणि लहानगी आई या पायऱ्यांवर उभी राहून माणसं मोजायची आणि आकडा ओरडून सांगायची. त्यावर कुठली होडी सोडायची ते ठरायचं. एवढी एकच गोष्ट तिनं आम्हाला बालपणातली सांगितली होती.

मी हे बोलतेय तोवर पलीकडून हाक आली.

"किती जनाऽऽ?"

पुरुषाचा आवाज. खणखणीत, पाण्यावरून सरळ येणारा. भास नाही, कारण अमितनंही मान वळवली. पलीकडे तिवरांशिवाय काही दिसत नव्हतं.

"कोणीतरी मासेमारीवाला दिसतोय," अमित हसत म्हणाला. "तुझी गोष्ट ऐकली की काय त्यानं?" आणि मला काही सुचायच्या आत त्यानं तोंडाभोवती हात धरले, पुढे झाला आणि ओरडला, "तीऽऽन!"

क्षणभर काही नाही. मग वल्ह्याचा आवाज. लाकडाची कुरकुर, पाण्याचा डुबुक, परत कुरकुर. एका लयीत, जवळ जवळ येत चाललेला. उघडं पाणी होतं हो समोर, लख्ख दुपारच्या उन्हात. होडी असती तर दिसली असती. होडी नव्हती. अमितचं हसू गेलं. मी वेड्यासारखी पाण्यावर होडी शोधत होते.

माझ्या बाजूनं आई गेली. चपला नाहीत, पदर सुटलेला, चिखलात घोट्यापर्यंत पाय. शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि ओरडली. जी बाई चार महिने हूं की चूं करत नव्हती, तिचा आवाज त्या तिवरांपर्यंत गेला असेल.

"नाय! कोनी नाय! बाबा, मागं फिर! कोनी नाय यायचं आज!"

वल्ह्याचा आवाज थांबला. हळूहळू विरला असं नाही, मध्येच थांबला. मग फक्त भरतीचं पाणी दगडांना लागत होतं.

मी आईला धरलं. पण माझा हात तिनंच घट्ट पकडला होता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काकडी दे." मी दिली. तिनं कडाकडा खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाली, "मीठ नाय आनलं व्हय कोनी?" मी पुढच्या सीटवर तोंड फिरवून रडले. अमित घरापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि ज्यांना अमित माहीत आहे त्यांच्या दृष्टीनं हाच मोठा चमत्कार.

पुढच्या आठवड्यात तो एकटा जाऊन गावात चौकशी करून आला. तरीची होडी कधीच बंद झालेली. पलीकडे उतरायला जागाच नाही, कमरेएवढा चिखल. त्या दुपारी कुणी होडी घातली होती असं कुणाला आठवत नव्हतं. एक म्हातारेबुवा त्याला म्हणाले, "पान्यावरून आवाज लांबचा पन येतो. कोनाला म्हाईत, बाला." अमितनं तेच धरून ठेवलंय, लांबचा आवाज. मीही बरेच दिवस धरून ठेवलं. पण लांबून "किती जना" असं कोण कुणाला विचारणार, आणि तीन म्हटल्यावर होडी कोण सोडणार?

आई आता बरी आहे. आगाशीला वाडीत जाते, गड्यांना ओरडते, माझ्या भाजीला नावं ठेवते. बोली मात्र अर्धी सासरची, अर्धी माहेरची झालीय, आणि कुणी हसलंच तर ती त्याच्याकडे बघून आणखी जोरात 'पानी' म्हणते. त्या दिवसाबद्दल मी तिला काही विचारलं नव्हतं. हिंमतच झाली नाही.

परवा आम्ही दोघी वालाचं बिरडं सोलत बसलो होतो. न राहवून विचारलं, "आई, त्या दिवशी तू 'कोणी नाही' असं का म्हणालीस?"

ती सोलतच म्हणाली, "तरीचा नेम हाय. आकडा दिला का तेवढी मानसं बसलीच पायजेल. एक कमी चालत नाय. नायतर पुरी फेरीच रद्द करायची. जावयानं तीन सांगितलं ना. म्हंजे तुमी दोघंबी आलाव त्यात."

मी म्हटलं, "म्हणून तू फेरी रद्द केलीस."

"मग काय करू?" तिनं सोललेले दाणे पाण्यात टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी एकच सांगनार व्हती. तोंड उघडलंच व्हतं, तेवढ्यात जावई वरडला."

तो आवाज कुणाचा होता, मला माहीत नाही. माझ्याकडे आजही कसलंच स्पष्टीकरण नाही. तिनं काही न विचारता तो ओळखला, एवढंच मी बघितलं. अमितला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्या दिवशी त्यानं नको तिथे थट्टा केली.