चर बुजवणारा माणूस

नोकरीत शेकड्यांनी गुन्हे तपासले, बहुतेक विसरलो. चर बुजवल्याचा तो किरकोळ गुन्हा मात्र अजून जसाच्या तसा आठवतो.

मध्य भारत विलीन होऊन नवं मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. ठाण्यातल्या छापील फॉर्मांवर जुन्या राज्याचं नाव खोडून नवं हातानं लिहावं लागे. मी ग्वाल्हेरात हजीऱ्याच्या बाजूला नवा फौजदार होतो. वस्तीपलीकडे मोठी दलदल होती. डास, साप, चोरीचा माल आणि अधूनमधून एखादं प्रेत, एवढाच तिचा आमच्याशी संबंध. ती सुकवून घरांसाठी जमीन काढायचं ठरलं, तेव्हा आम्हा पोलिसांना आनंदच झाला. पाणी बाहेर काढायला एक लांब चर खोदला गेला.

पंधरा दिवसांत तीनदा कोणीतरी तो चर मातीनं बुजवला. कामावरच्या ओव्हरसियरनं फिर्याद दिली.

खबर एका दूधवाल्यानं आणली. "उस ढीमर को पकड़ो साहब, सिंघाड़े उसी के हैं."

दलदलीत शिंगाडे लावणारा तो ढीमर, म्हणजे तिकडचा कोळी, पन्नाशीचा होता. पाणी गेलं की त्याचं पोट जाणार, म्हणजे हेतू उघडच होता. अटक केली. दोन दिवसांची कोठडी मिळाली.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "पानी जाने का दुख है साहब, पर मिट्टी मैंने नहीं डाली."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी नवं जोडतो. हा एका शब्दानंही पुढे जाईना. म्हणून मी पुन्हा जागेवर गेलो.

चरात घातलेले पहिले दोन बांध मजुरांनी पंचनाम्याआधीच फोडले होते, तिसरा शाबूत होता. थरावर थर देऊन माती ठोकलेली, मध्ये चिकणमातीचा गाभा, आणि वस्तीत पाणी शिरू नये म्हणून बाजूला छोटा सांडवा. हे शिकलेल्या हाताचं काम होतं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत विचारलं, तेव्हा जयेंद्रगंजातल्या एका निवृत्त मराठी नकाशेकाराचे तीन अर्ज निघाले. दलदल सुकवू नका, अशी विनंती होती.

मी त्याच्या घरी गेलो तर त्यानंच दार उघडलं. "या. मी तर तुमची वाटच पाहून राहिलो होतो."

"बांध तुम्ही घातले?"

"तिन्ही मीच. पहाटे जात होतो."

"का?"

"तरुणपणी अशीच एक दलदल सुकवायचा नकाशा मी काढला. शाबासकी मिळाली. तिसऱ्या उन्हाळ्यात खालच्या गावाच्या विहिरी आटल्या, गाव उठलं. त्या नकाशावर सही माझी आहे, साहेब. इथंही तेच होणार. अर्ज दिले, पण कोणी वाचूनच नाही राहिलं."

"तुमच्यापायी एक ढीमर कोठडीत बसलाय."

हे त्याला ठाऊक नव्हतं. चेहरा उतरला. बायकोनं आणलेला चहा तसाच ठेवून त्यानं टोपी घातली आणि माझ्याआधी जिना उतरला.

ठाण्यात त्यानं ढीमरापुढे हात जोडले. ढीमर म्हणाला, "आपने तो पानी रोका था बाबूजी, हाथ काहे जोड़ते हो?"

कोर्टानं वय पाहून कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. चर पुन्हा मोकळा केला गेला. त्या दिवशी बंदोबस्ताला मीच होतो. ढीमर काठावर बसून होता, नंतर तो कुठे गेला ते कळलं नाही.

निवृत्तीच्या सुमारास बदली होऊन ग्वाल्हेरला परतलो. दलदलीच्या जागी वसाहत उभी होती, आसपासच्या विहिरींत लोक कचरा टाकत होते आणि टँकरवरच्या मारामाऱ्यांच्या तक्रारी ठाण्यात येत होत्या. आता सरकारच पाणथळ जागा जपा म्हणून पाट्या लावतं. तेव्हा आम्ही कागदोपत्री तिला 'पडीक' लिहीत असू.

तपास म्हणून ती केस चोख होती. खरा आरोपी सापडला, निरपराध सुटला, वरिष्ठांनी चांगला शेरा दिला. गुन्हा कोणी केला हे कळलं की आपलं काम संपलं, असं मी तेव्हा समजत होतो. नकाशेकाराचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. विहिरींबद्दल तो बराच वेळ बोलला. गुन्ह्याशी संबंध नाही म्हणून तेवढा भाग मी लिहिलाच नाही.