कडक इस्त्रीचा थर्मल

सय्यदभाईंनी शर्ट माझ्या टेबलावर टाकला. "मॅडम, ये थर्मल है के बनियान? आमचा गार्ड हर्सूल तलावाच्या वाऱ्यात कुडकुडून राहिला ना!"

सय्यदभाईंची सिक्युरिटी एजन्सी. त्यांच्या गार्डांच्या थर्मल शर्टांची ऑर्डर आमच्याकडं यायची होती. सॅम्पल फेल झालं तर ऑर्डर लुधियानाला जाणार आणि आमच्या शिलाईच्या बायका घरी बसणार. चिकलठाण्याच्या या युनिटात क्वालिटी मी बघते, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले.

शर्ट हातात घेतला अन् डोकंच फिरलं. कापड सपाट! थर्मलच्या या विणीला वॅफल म्हणतात. तिच्यात बारीक चौकोनी खळगे असतात, कडा उंच, मधे खोल. खळग्यांत हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. इथं खळगेच गायब.

"इस्त्री कुणी मारली?"

"मीच सांगितलं," आमचे शेठ छाती काढून म्हणाले. "कापडाला सुरकुत्या लई होत्या. माल कसा कडक दिसला पाहिजे!"

"अहो शेठ, त्या सुरकुत्या नव्हत्या. तोच तर माल होता!"

"असं व्हय? पण गिऱ्हाइकासमोर चुरगळलेलं ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

शेठना इस्त्रीचं भारी वेड. त्यांचा हातरुमालसुद्धा घडी मोडायला घाबरतो. मला हसूही येईना, रडूही येईना.

कापड सुती होतं, पाण्यात दबलेली वीण पुन्हा फुगते, म्हणून वाचलो. शर्ट पाण्यात बुडवला, चोळला, झटकला, न ताणता सावलीत वाळवला. खळगे पुन्हा उमटले. शेठ इस्त्रीवाल्याकडं बघत होते, मी शेठकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सय्यदभाई स्वतः शर्ट घालून तलावावर गेले. परत आले ते खुशीत. "अब बात बनी! ऑर्डर पक्की. मगर हर शर्ट पे लिखो, इस्त्री करू नये."

जीव भांड्यात पडला. तशी साटीनची लेबलं छापून आली. मी शिलाई बघायला आत गेले तेवढ्यात शेठनी गठ्ठा उघडला. "लेबलं चुरगळलीत की," म्हणाले आणि सगळी इस्त्रीला पाठवली. निम्मी वितळून इस्त्रीलाच चिकटली.

नवी लेबलं छापून माल वेळेत गेला. तेव्हापासून मी माल तपासायच्या आधी शेठ कुठं आहेत ते तपासते.