गाणं तेच, पट्टी तीच

आमच्या ह्यांनी आता ऑर्केस्ट्रात गाणं सोडावं, हे कंपनीतल्या सगळ्यांचं कधीच ठरलं होतं. फक्त ह्यांना सांगायचं कोणी, तेवढंच राहिलं होतं. आणि ते काम आलं माझ्या गळ्यात.

हे एका कामासाठी पेठला गेले होते, तो मोका साधून तिघं घरी आले. ड्रमवाला, गिटारवाला आणि कीबोर्डवाला. पंचवटीतल्या आमच्या छोट्याशा बैठकीत पोहे खात बसले आणि एकमेकांना कोपरं मारू लागले. शेवटी ड्रमवाल्याने तोंड उघडलं. "काकू, काकांनी गाणं थांबवायला पाहिजे. नामपूरच्या मंडळानं सरळ सांगितलंय, मालकांचा आवाज आता नाय लागत, पुढल्या वर्षी दुसरा गायक आना, नायतर आम्ही दुसरी पार्टी सांगतो."

"मग सांगा ना त्यांना."

"आम्ही? काकू, ते आम्हाला टेम्पोतून खाली फेकतील! तुम्हीच सांगा. नाहीतर आम्ही तिघं दुसरीकडे जातो."

म्हणजे हे उतरले नाहीत तर कंपनीच बसणार. ऑर्केस्ट्रा ह्यांनी लग्नाआधी उभा केलेला. मालक हेच, निवेदक हेच, मुख्य गायकही हेच. नव्वदच्या दशकात गणपतीत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज सुरगाणा, उद्या सटाणा. आणि गायिका कोण? मी! शेवटून दुसरं गाणं आमचं दोघांचं ठरलेलं असायचं. त्याच्या आधी हे माईक उंचावून म्हणायचे, "गाणं तेच, पट्टी तीच!" की पब्लिक शिट्ट्या मारायचं. काय दिमाख होता हो तो.

मग एका वर्षी माझ्या खालच्या ओळी हवेत विरायला लागल्या. तार सप्तक खणखणीत, पण खाली उतरले की नुसता फुसका वारा. ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या गुळण्या केल्या, लोणचं सोडलं. काही उपयोग नाही. लोक बोलायला लागले, बाईंचा आवाज बसला. त्याच गणपतीत ह्यांनी स्टेजवर मला शाल आणि नारळ दिला आणि माईकवरून म्हणाले, "लोकांनी घड्याळ बघायच्या आत कलाकारानं उतरावं." टाळ्या पडल्या. मी घरी आले, पेटी माळ्यावर टाकली आणि त्यानंतर आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नाही. दुःख झालं का? झालं. पण आवाज गेला म्हटल्यावर भांडणार कोणाशी?

तर त्या दुपारी मी तिघांसाठी चहा गाळत होते आणि कीबोर्डवाला बोलता बोलता म्हणाला, "काकू, आता आणखी खाली नेता येत नाही. चार घरं खाली आणलंय. तुमच्या जागी गाणारी मुलगी खालच्या ओळींत आत्ताच ऐकू येईना झालीय."

"काय उतरवलंय?"

त्याने हवेत बोट दाबून दाखवलं. कीबोर्डला म्हणे एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर फिरतात, पण सूर एकेक घर, म्हणजे एकेक पायरी, खालचा निघतो. गाणाऱ्याला वाटतं, आपण जिथे होतो तिथेच आहोत. ह्यांचा आवाज वर पोचेना, म्हणून ही मंडळी गुपचूप बटण दाबत होती.

"कधीपासून?"

"माझ्याआधीचे दादा होते ना, त्यांच्यापासून. मी आलो तेव्हाच सांगून गेले, मालकांसाठी दोन घरं खाली ठेव आणि गप बस."

हा आला तेव्हा मी गात होते.

गाळणी हातातच राहिली. डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. आवाज ह्यांचा उतरला, त्यासाठी गाणं उतरवलं, आणि त्या उतरलेल्या गाण्यात माझ्या ओळी पार तळाला गेल्या! तिथे कुठल्या बाईचा गळा पोचणार होता? "अरे मेल्यांनो, मला नाही सांगायचं?"

"तुम्ही मालकीणबाई, काकू. तुम्हाला कसं सांगणार?" गिटारवाला बशीत बघत म्हणाला.

संध्याकाळी हे आले. मी चहासुद्धा विचारला नाही. "अहो, माळ्यावरची पेटी काढा."

"आता काय भजनी मंडळ काढतेस?" पण काढली.

मी धूळ पुसली आणि आमच्या गाण्याचा मूळ सूर धरला. ह्यांनी झोकात मुखडा घेतला. अंतऱ्याला वर गेले आणि आवाज टर्रकन फाटला. खाकरले, पाणी प्यायले, परत घेतला. परत फाटला.

"पेटी चढलीय गं. माळ्यावर उन्हानं खराब झाली."

"पेटीला काही झालेलं नाही. ह्याच पेटीवर, ह्याच पट्टीत गायचात तुम्ही." मग मी बटणाचं सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. तेव्हा मी माझी ओळ म्हटली, तीच, खालची. खरं सांगते, मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत मीही ती म्हणून बघितली नव्हती. पण ओळ अशी स्वच्छ लागली की माझेच डोळे भरून आले.

"अगं, तुझा आवाज..."

"आहे तिथेच आहे. उतरला होता तो तुमचा. आणि शाल मला दिलीत."

हे उठून गॅलरीत गेले. त्यानंतर बरेच दिवस घरात अबोला होता. मी मनवायला गेले नाही, का जाऊ? मग एका सकाळी दाढी करता करता, आरशाकडे बघतच म्हणाले, "नामपूरला कळवून टाक. पुढल्या वर्षी गायक नवा येईल."

"आणि गायिका?"

"ती जुनी."

पुढल्या गणपतीत नामपूरच्या मंडळाने ह्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा हे स्टेजच्या खाली बसले होते, चप्पल काढून, हात मांडीवर ठेवून. नवा पोरगा छान गात होता. ते गाणं आलं आणि मी पदर खोचून पायऱ्या चढले. कीबोर्डवाल्याचं बोट सवयीने बटणावर गेलं. "काकू, किती खाली घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून आवाज आला. माईक नाही, काही नाही, तोच फाटका आवाज.

"शून्यावर ठेव रे! तिची पट्टी तीच आहे!"

लोकांना वाटलं हा जुनाच डायलॉग. त्यांनी शिट्ट्या मारल्या. कीबोर्डवाल्याने बोट उचललं, आणि मी गायला लागले.