एकाच माणसाची जागा, आणि आत आधीच कोणीतरी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकते. माझं माहेर बोरी. लहानपणी कोणी म्हणालं की ओढ्याकाठच्या चिंचेखाली बाई बसलेली दिसते, की मी दुसऱ्या दिवशी शेळ्या मुद्दाम तिकडंच न्यायची... बघू तरी कशी असते! कधी दिसली नाही. तुम्हा सगळ्यांचे भुताखेताचे अनुभव मी इथं ग्रुपवर चवीनं वाचते, पण मनात म्हणते, काहीतरी कारण असणारच. आता माझ्याच वाट्याला एक आलाय, आणि कारण काही सापडंना. तुमच्यात कोणी कॉम्प्युटरवालं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

ठिकाण सेलू. गावाबाहेर एक जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना; नाव कशाला घेऊ. तिथं ऑफिसात मी कितीतरी हंगाम काढले. शाळा माझी सातवीपर्यंत. कॉम्प्युटर आला तेव्हा दुसऱ्याचं बघून बघून शिकले. माझ्याबरोबर शिकले ते दत्ताभाऊ. ते मूळचे जिनवरचे फिटर, पण हळूहळू सगळा सर्व्हर त्यांच्याच ताब्यात गेला. सर्व्हर म्हणजे ज्यात सगळ्या जिनिंगचा हिशेब राहतो ते मोठं मशीन. ऑफिसच्या मागं, पूर्वी स्पेअर पार्ट ठेवायचे त्या खोलीत ते असतं. खोलीच्या दाराशी उभं राहिलं की समोर जिनचा लांब हॉल दिसतो.

आता जिनवरची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. मशीनची लाइन सुरू करताना फिटर या टोकाहून ओरडतो – "हात काढले का?" त्या टोकाच्या बाया तपासून ओरडतात – "काढले!" मगच बटण. पट्ट्यात कोणाचा हात राहू नये म्हणून. दत्ताभाऊंनी ही सवय सर्व्हरच्या खोलीतही नेली. सर्व्हर बंद-चालू करायचा असला की दारात यायचे आणि मला हाक द्यायचे, "ताई, हात काढले का?" मी माझ्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडायची आणि म्हणायची, "काढले." मी त्यांची लय थट्टा करायची – भाऊ, तुमचा सर्व्हर बोटं खातो का? ते म्हणायचे, आत कोणाचं काम अर्धं राहू नये, ताई.

मी घरी बसले आणि माझ्या जागी माझी सून वैशाली लागली. माझ्या लेकाला ते पसंत नव्हतं. एक हंगाम बघू, जमलं तर जमलं, नाहीतर घरी, असं घरात ठरलं होतं. वैशालीनं ते मनावर घेतलं. आणि नेमके पावसाळ्यात दत्ताभाऊ गेले... झोपेतच. तेरावं झाल्यावर जिनिंगचे मालक, शेठजी, वैशालीला म्हणाले, रोज सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव दिसतं, बरं वाटत नाही, काढून टाक. गेलेल्या माणसाचं नाव आपण सगळीकडून कमी करतोच की. पोरीनं त्यांच्याच नावानं आत जाऊन त्यांचंच खातं बंद केलं. कोणाला काही वाटलंही नाही.

खरेदीच्या मुहूर्ताच्या सकाळी वाटलं. पहिली कापसाची गाडी वजनकाट्यावर, नारळ फुटलेला, हार घातलेला... आणि सर्व्हर नवा हंगाम उघडंना. म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही. परवानगी देऊ शकणारं खातं एकच होतं, दत्ताभाऊंचं. म्हणजे घराला कुलूप, आणि किल्ल्या वाटणारा एकच माणूस, त्यालाच आपण घराबाहेर काढलेलं! मी मुहूर्ताला पेढे खायला म्हणून गेले होते, ती त्या खोलीतच अडकले.

वैशालीनं पुण्याच्या एका इंजिनियरला फोन लावला. तो पोरगा भला. म्हणाला, वाट आहे. सर्व्हर बंद करायचा आणि एका खास पद्धतीनं चालू करायचा. तशा वेळी आत फक्त एकाच माणसाला जागा असते. आपण पटकन आत जायचं, स्वतःला नवं खातं करायचं, झालं.

तिनं तसं केलं. स्क्रीनवर उत्तर आलं की जागा एकच आहे, आणि ती भरलेली आहे.

इंजिनियर म्हणाला, हे होतं कधीकधी. त्याच मशीनमधला दुसरा एखादा प्रोग्राम आधी जाऊन बसतो, ते सगळे बंद करा. केले. परत तेच. काट्यावरचा कॉम्प्युटर बंद केला. परत तेच. शेवटी नेटवर्कची वायर मी माझ्या हातानं उपसली, जगाशी संबंधच तोडला... परत तेच.

तेवढ्यात शेठजी दारात आले. चिडले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, परभणीहून माणूस निघालाय, तो सगळं पुसून नव्यानं टाकील, जुनं गेलं तर गेलं. मग वैशालीकडं न बघता म्हणाले, "पोरी, उद्यापासून नको येऊ. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं हे."

ते गेले. पोर रडली नाही. नुसती त्या स्क्रीनकडं बघत बसली.

मला मात्र – खरं सांगते – दुःखापेक्षा नवलच जास्त वाटायलं होतं. मी विचारलं, "आत कोण हाय, ते सांगतो का ह्यो?"

"न्हाई आत्या," ती म्हणाली. सून मला आत्याच म्हणते. "कोणीतरी हाय, एवढंच सांगायलाय."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सकाळपासून आम्ही किती वेळा तो सर्व्हर बंद केला, चालू केला... आणि एकदाही हाक दिली नव्हती. मी तिला सांगितलं, दारात जा आणि हाक दे. ती म्हणाली, आत्या, बाहेर माणसं हायत, हसतील. मी म्हणलं, "नोकरी तर गेलीच हाय, आता लाजून काय वाचवायलीस?"

ती उठली. दाराशी गेली, मीही तिच्या मागोमाग. समोर हॉल रिकामा, मशीन थंड. अगदी दत्ताभाऊंसारखं, लांबवून म्हणाली – "हात काढले का?"

मला उत्तर द्यायचं होतं. इतकी वर्षं मीच द्यायची. पण तिच्या तोंडून भाऊंचे शब्द ऐकता ऐकता ओ द्यायचंच राहून गेलं. ती क्षणभर थांबली, मान हलवली, झपाझप आत आली आणि सर्व्हर बंद करून चालू केला. मी म्हणणार होते, अगं थांब, मी अजून...

तोवर ती आत होती. जागा रिकामी! नवं खातं झालं, हंगाम उघडला, काट्यावरनं पहिली पावती निघाली. परभणीचा माणूस आला तो चहा पिऊन परत गेला. शेठजी वैशालीला एवढंच म्हणाले, उद्या लवकर ये.

घरी येताना ऑटोत ती म्हणाली, "आत्या, तुमचा आवाज केवढा घोगरा झाला होता."

"कधी?"

"काढले म्हणालात तवा."

मी काही बोललेच नव्हते. तिच्याशेजारी उभी होते आणि मला काही ऐकूही आलं नव्हतं. मी त्या जिनवरच्या बायांना विचारून आले. वाटलं, सवयीनं एखादीनं ओ दिली असेल. पण सगळ्या पुढं फाटकाशी प्रसाद घ्यायला गेल्या होत्या. इंजिनियर म्हणतो, एखादा अडकलेला प्रोग्राम योगायोगानं तेव्हाच सुटला असेल. असेल बाबा. पण कोणता, ते त्यालाही सांगता येईना. आत कोण बसलं होतं याची सर्व्हरमध्ये नोंदच नाही.

दत्ताभाऊंचं खातं वैशालीनं परत चालू केलंय. सर्व्हर बंद करायचा असला की ती दारात जाऊन हाक देते, जरा थांबते, मगच बटण दाबते. परवा भाकरी थापता थापता मी सहज विचारलं, ओ येते का गं?

ती हसली. म्हणाली, "तुमी आधी खरं सांगा आत्या, त्या दिवशी तुमी बोलला न्हाईत?"

नाही बोलले हो. खरंच नाही बोलले.