शंकररावाची उन्हाळी

शंकरराव माझा धाकला दीर. आमच्या बीबी गावच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथ तोच वाचायचा. मी दुसरी नापास. माझं पुढचं सगळं शिक्षण त्याच्या आवाजातून झालं.

पासष्टी ओलांडली अन् त्याले कोणी न बोललेलं ऐकू यायला लागलं. छतावर दोघं जण भांडतात म्हणे. बुलढाण्याच्या डोक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, ते दोघं गप झाले. पण हात थरथरू लागले. मग थरथरीची वेगळी गोळी आली, पुस्तक पुन्हा हातात ठरलं. आम्ही म्हटलं, सुटलो बापा.

उन्हाळ्यात लघवी अडली. त्याची बायको भिमाबाई म्हणे, "उन्हाळी लागली, दुसरं काय." धन्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा, तांब्यावर तांब्या पाजला. आत जाई, बाहेर थेंब येईना.

"वैनी," मले म्हणे, "मी धरण झालो. दरवाजा उघडणाराच पळून गेला."

हसलो आम्ही. दिवस कलेपर्यंत पोट घागरीवानी टणक झालं, माणूस भिंतीले डोकं लावून कण्हू लागला. लोणारच्या दवाखान्यात नेलं, लघवीले नळी घातली. डॉक्टर म्हणाला, म्हातारपणी लघवीची वाट आधीच आवळते, त्यात ही थरथरीची गोळी लघवी धरून ठेवते. तेवढी बंद करा, डोक्याची चालू ठेवा.

नळी निघाल्यावर घरी आला अन् सगळ्याच गोळ्या चुलीत टाकल्या.

"अवो, एकच बंद कराले सांगितली," भिमाबाई म्हणाली.

"नळी तुले घातली होती का मले?"



लघवी मोकळी झाली. आषाढी पौर्णिमेले पांढरे कपडे घालून विहारात वाचायला बसला. दोन पानं खणखणीत वाचली. मग मान वर केली, छताकडे पाहून म्हणाला, "थांबा बे जरासे, एवढं होऊ द्या." तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा थांबला. शेवटी पुस्तक मिटून भिमाबाईच्या मांडीवर ठेवलं. तिले तर अक्षर येत नाही.

डॉक्टरकडे चाल म्हटलं की म्हणतो, "तिथं नळी हाय, वैनी."

विहारात आता नुसती वंदना घेऊन सगळे उठतात. जाताना त्याच्या ओट्यासमोरून जावं लागतं. तो वर पाहून त्या दोघांची समजूत घालत असतो, अन् भिमाबाई दारात तांब्या धरून उभी.