अंगणातला मासळीबाजार

तिसरं वर्ष लागलं तरी आमची मुलगी बोलेना. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं, यजमान तिथे ओव्हरसियर होते आणि आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई सांगलीकडून आल्या त्याच मुळी वेखंड घेऊन. रोज सकाळी मधात उगाळून ते नातीच्या जिभेला लागे. ती तोंड वेडंवाकडं करी, पण चकार शब्द काढत नसे.

संध्याकाळी यजमानांची पाळी. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. साइटवरून आले की हातपाय धुऊन, पट्टी घेऊन ते तक्त्यासमोर उभे राहत. "हे काय? बोल." पोर पट्टीकडे बघे. "बोल!" पोर माझ्याकडे बघे. मग ते म्हणत, "लक्षच नाही हिचं."

लक्ष होतं, पण बोलायची गरजच काय होती? तिने माठाकडे नुसतं पाहिलं की मी पाणी पुढे करी. आणि आमच्या घरात बोलत तरी कोण होतं? आईसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, सासूसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. दिवसभर भांडीच काय ती वाजायची.

शेजारी समुद्रकाठच्या केळव्याचं कुटुंब होतं. त्यांची तीन पोरं अंगणात करवंट्या मांडून मासळीबाजार खेळत. शेवग्याच्या शेंगांचे बोंबील, चिंचोक्यांची कोलंबी. माझ्या मुलीने तिकडे जायचं नाही, असा घरचा हुकूम होता. एक तर त्या पोरांची भाषा हाय-नायची, आणि सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या नातीने बोंबील विकावेत, म्हणजे काय!

सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी तिला मागच्या दाराने सोडी. मला फार आनंद व्हायचा त्या चोरीचा. पहिल्या दिवशी ती करवंट्यांपुढे बसली आणि गिऱ्हाइकाला शेंग नुसती दाखवली. थोरली पोरगी म्हणाली, "असा नाय. ओरड ना! तू ओरडली नाय तं आमी येऊ कशी?" आणि खरंच, ती सगळी पाठ फिरवून निघून गेली. पण पोर उठली नाही. दुसऱ्या दिवशी ती "ए!" म्हणाली. आठवड्याने "घे" आलं. त्या पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी फक्त भाव पाडून मागितला.

इकडे घरात निर्णय झाला होता. पोरीला सासूबाईंनी गावी न्यायचं, वर्षभर ठेवायचं, चांगली भाषा कानावर पडली की बोलेल. मला कुणी विचारलं नाही. तिचे फ्रॉक मात्र मीच पिशवीत भरले.

निघायच्या आदल्या दुपारी सासूबाई लवकर उठल्या आणि थेट अंगणात. नातीचा हात धरून म्हणाल्या, "चल बाळा, उद्या आजीबरोबर गावाला जायचं ना?" तिने हात हिसडला.

"मी नाय यायची! बोंबील हायत अजून!"

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, गल्लीभर साखर वाटली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. चला, आता पिशवी रिकामी करायला हरकत नाही, असं मी समजले.

यजमान आल्यावर सासूबाईंनी सगळं रंगवून सांगितलं आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आता तर न्यायलाच हवी. ही असली भाषा घेऊन उद्या शाळेत कशी जाईल?"

यजमानांनी मान हलवली. "बरोबर आहे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "मी पाठवणार नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लेकाला विचारलं, "ही कधीपासून बोलायला लागली रे?"